तुझ्या हातानं पूस

काकांना आमच्यापैकी कुणाचंही नाव माहीत नव्हतं. रोज समोर येऊन उभ्या राहणाऱ्या मुलांची नावं चार-चार वर्षं माहीत नसावीत, हे ऐकायला विचित्र वाटतं. आमच्या प्रत्येक कागदाच्या डोक्यावर ती ठळक छापलेली असायची. पण काका गिऱ्हाइकाचा कागद वाचत नसत. त्यामुळे आमची नावं त्यांनीच पाडली होती. मी "मोठं अक्षर", कारण नाटकाची संहिता मी मोठ्या टायपात छापून घ्यायचे आणि भिंतीला चिकटवून पाठ करायचे. कायम शेवटच्या क्षणी धावत येणारी, माझ्या खोलीतली मैत्रीण "ऐनवेळ". वर्गातला एक लंबूटांग मुलगा "समास सोडा". आमचे एक सरसुद्धा सुटले नव्हते. ते कायम कागदाच्या दोन्ही बाजूंना छापून मागायचे, म्हणून ते "पाठपोट सर".

दुकान कॉलेजच्या फाटकासमोर, एका दवाखान्याच्या जिन्याखाली. वर कुणी पेशंट चढला की आत काकांच्या डोक्यावर धपधप. दोन झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर, दोरीनं बांधलेला स्टेपलर, आणि कोपऱ्यात स्टुलावर काकू, स्पायरल बाइंडिंग करत. कॉम्प्युटरचा पडदा काकांकडे नव्हता, आमच्याकडे होता. काका मान वाकडी करून, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, चष्म्याला गळ्यातली काळी दोरी, अशा अवतारात कडेनं बघायचे.

"हीच ना फाइल?"

"हीच."

कागद बाहेर पडताना ते पालथे धरायचे, कडा टेबलावर ठोकून सारख्या करायचे, आणि मग ठरलेलं वाक्य यायचं.

"झालं. आता तुझ्या हातानं पूस."

"तुम्हीच पुसा ना काका, तास सुरू झालाय."

"कागद तुझा, हात तुझा. पूस. आणि ती कचऱ्याची टोपलीपण रिकामी कर."

"काका, माझ्या असाइनमेंटमध्ये चोरण्यासारखं काय आहे? मीच दुसऱ्याची चोरलीय."

"मग दोघांची पूस."

पुसलं की ते पडद्याकडे बोट दाखवत. "बघ. तुझ्या डोळ्यांदेखत पुसलं हं!" वाया गेलेले कागद ते उभे फाडायचे आणि मशीनमागच्या बादलीतल्या पाण्यात बुडवायचे. दुसऱ्या दिवशी काकू त्या लगद्याचे गोळे करून कुंड्यांत घालायच्या. "आमच्या झाडांना तुमचे मार्क ठाऊक आहेत," असं म्हणून त्या हसायच्या. "म्हणून वाढत नाहीत," काका.

तरुणपणी काका छापखान्यात खिळे जुळवायचे, शिशाचं एकेक अक्षर उचलून, उलट्या बाजूनं. तिथे परीक्षांचे पेपर छापले जात. मालकानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अक्षर बघायचं, मजकूर बघायचा नाही. तीच सवय हाडात मुरली. एकदा कुणीतरी एक पेनड्राइव्ह विसरून गेलं. चार महिने तो एका पत्र्याच्या डबीत पडून होता. मी म्हटलं, "काका, उघडून बघा ना, कुणाचा आहे ते लगेच कळेल."

"तुझी पर्स रस्त्यात सापडली, तर आतल्या चिठ्ठ्या वाचत बसू का?"

"पत्त्यासाठी हो काका!"

"ज्याची आहे तो येईल. नाही आला तर त्याला नको असेल."

आणि मी कोण? तर कॉम्प्युटर सायन्सची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, सायबर सुरक्षेचा विषय घेतलेली, दुसऱ्यांचे पासवर्ड ऐकून कपाळाला हात लावणारी. काका मला जरा जुनाट वाटायचे. गोड, पण जुनाट.

त्यांच्या दुकानात एकच गोष्ट अशी होती, जिच्याबद्दल बोलताना ते ताठ बसायचे. दर सत्राला कॉलेजच्या परीक्षा विभागाचे हेडक्लार्क स्वतः पाकीट घेऊन यायचे. त्या दिवशी शटर खाली. आत हेडक्लार्क, काका आणि मशीन. काकूसुद्धा बाहेर. प्रश्नपत्रिका छापायच्या, मोजायच्या, लाखेचं सील. पंधरा वर्षं एकही पेपर फुटला नव्हता. "पोरं माझ्याकडून चहा उकळतात," काका म्हणायचे, "पण त्या दिवशी कुणी शटरपाशी येऊन 'काका, कुठला धडा?' असं गमतीतही विचारलेलं नाही. एवढी अब्रू आहे आपली."

ती अब्रू मी घालवली. कशी, ते सांगते.

मागे वळून बघितलं, तर सुरुवात ऐनवेळच्या फोनपासून झाली. सकाळी ती दात घासत होती, तेवढ्यात फोन आला. पलीकडच्या माणसानं तिचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांचं नाव घेतलं, जन्मतारीख सांगितली, आणि तिच्या ओळखपत्रावर कुणीतरी सिमकार्ड काढलंय, चौकशीला हजर व्हा, असं सांगितलं. दुपारी दुसरा. संध्याकाळी तिसऱ्यानं तिच्याच ओळखपत्राचा फोटो तिला पाठवला. खाली तिच्या घरचा पत्ता, आणि एक हसरा चेहरा.

आठवडाभर ती फोन वाजला की दचकायची. शेवटी तिनं नंबर बदलला. आईला सांगितलं, फोन पाण्यात पडला. रात्री पांघरुणातून मला विचारायची, "त्याला माझं घर माहितीये ना गं?"

"अगं, नुसता पत्ता आहे."

"पत्ता म्हणजे घरच ना."

मी वहीपेन घेऊन बसले. हे तर माझ्याच विषयाचं होतं. "ओळखपत्राची प्रत शेवटची कुठे दिलीस?"

"काकांकडे. पहिला फोन आला त्याच्या तीन दिवस आधी. स्कॉलरशिपच्या फॉर्मला छापली."

"आणखी कुठे?"

"कुठेच नाही."

"पुसली होतीस?"

"घाईत होते. काकांना म्हटलं तुम्ही पुसा."

बस्स. मी पेन खाली ठेवलं. गुन्हेगार सापडला होता.

त्याच महिन्यात कॉलेजात सायबर सुरक्षा सप्ताह होता आणि आमच्या नाट्यमंडळाला फाटकापाशी पथनाट्य करायचं होतं. ते मी लिहिलं. एका बैठकीत, संतापानं. त्यात एक छपाईवाला होता, आणि तो मीच केला. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, गळ्यात काळी दोरी, मान वाकडी. पोरांच्या फाइली छापायच्या, प्रत्येकाला म्हणायचं, "तुझ्या डोळ्यांदेखत पुसलं हं!" आणि पोरगं वळलं की प्रेक्षकांना डोळा मारून शर्टाच्या आतून त्याच कागदाची दुसरी प्रत काढायची. मग लांबलचक प्रत, मग आणखी लांब, शेवटी नऊ फुटांची पट्टी. हशाच हशा. शेवटी कोरसमध्ये सगळे ओरडायचे: डिलीट केलं तरी आत राहतं!

तालमीत आमच्या दिग्दर्शकानं विचारलं होतं, "हे जरा जास्त ओळखू येत नाही का?"

"नाव कुठे घेतलंय आपण?" मी म्हटलं.

प्रयोगाला दोनशे जण तरी असतील. सगळ्यात मागे काका-काकू उभे होते, शटर अर्धं ओढून आलेले. चष्म्याच्या गमतीला काका हसले. मी पाहिलं ते. काकूंना कोपरानं ढोसून काहीतरी म्हणालेही. बहुधा "मोठं अक्षर आहे ती" असंच. मग मी शर्टातून कागद काढला. टाळ्या पडल्या. पुन्हा मागे बघितलं, तर ते दोघं तिथे नव्हते.

व्हिडिओ तीन दिवसांत चाळीस हजार जणांनी पाहिला. कॅन्टीनमध्ये पोरं एकमेकांची वही उघडून म्हणायला लागली, "डोळ्यांदेखत पुसलं हं!" मला बक्षीस मिळालं. मी ते खोलीत खिडकीत ठेवलं.

काकांच्या दुकानी जायचं मी टाळत होते. एकदा समोरून जाताना काकूंनी हाक मारली नाही, एवढं लक्षात आलं. स्टूल बाहेर काढून त्या नुसत्या बसल्या होत्या. बाइंडिंगला काही नव्हतं.

परीक्षेच्या आधी दोन आठवड्यांनी पाठपोट सरांनी आम्हाला असाइनमेंट दिली. विषय: स्वतःला शोधा. आपलं नाव, आपला नंबर टाका आणि इंटरनेटवर आपण कुठे कुठे उघडे पडलोय, त्याची यादी करा. मी आरामात पाय पसरून बसले. मी काय सापडणार होते?

तिसऱ्याच ओळीत सापडले. एका नाट्यस्पर्धेच्या पानावर, दोन महिन्यांपूर्वीची माझीच कमेंट. "आमच्या प्रवेशिकेसोबतची कागदपत्रं. उघडलं नाही तर या नंबरवर फोन करा." खाली माझा नंबर, आणि एक लिंक.

मला आठवलं. मंडळातल्या बारा जणांची ओळखपत्रं मीच गोळा केली होती. ऐनवेळ आमची वेशभूषा बघायची, म्हणून तिचंही. आयोजकांकडे फोल्डर दोनदा उघडलं नव्हतं. तिसऱ्यांदा वैतागून मी "लिंक असलेला कोणीही" यावर खूण केली आणि लिंक थेट कमेंटमध्ये टाकली. अंतिम तारखेची संध्याकाळ होती, तालीम सुरू व्हायची होती.

अनोळखी माणसानं उघडावी तशी, लॉगिन न करता मी ती लिंक उघडली. कुणीही काही विचारलं नाही. फोल्डरचं नाव माझ्याच पद्धतीचं: "सगळ्यांची ओळखपत्रं फायनल फायनल." बारा चौकोन. तिसरा ऐनवेळचा.

मी ते बंद केलं. मग तिला उठवलं आणि पुन्हा उघडून दाखवलं. तिनं तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"म्हणजे तू."

"हो."

"मी तुला दिलं होतं, ते माझ्या डोक्यातच आलं नाही," ती म्हणाली. "तू म्हणजे काय, तूच ना. तुला दिलं म्हणजे कुणाला दिलं असं वाटतच नाही." मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "माझं बघू नंतर. आधी काकांना सांग."

चाळीस हजार जणांसमोर तोंड उघडणाऱ्या मला त्या एका माणसासमोर शब्द सुचेनात. म्हणून मी नेहमीचं केलं. लिहून काढलं. एक पान, मोठं अक्षर. चूक माझी होती, काकांची नव्हती, आम्ही त्यांची नक्कल करून त्यांच्यावर खोटा आळ घेतला, खाली माझं नाव. आणि ते छापायला काकांकडेच गेले. मनात असं, की छापताना ते वाचतील आणि मला बोलावंच लागणार नाही.

दुकानात कुणी नव्हतं. काकांच्या गळ्यात दोरी नव्हती. चष्मा ते डबीतून काढायचे, वापरून परत डबीत ठेवायचे.

"फाइल पाठवलीय काका."

"आली. हीच ना?"

"हीच."

"किती?"

"दोन."

पहिलं पान चुरगळून आलं. ते त्यांनी न बघता उभं फाडलं, बादलीत बुडवलं. मग दोन नीट आली. पालथी धरून, कडा ठोकून, माझ्या हातात दिली. पडद्याकडे बोट दाखवलं.

"तुझ्या हातानं पूस."

"काका, वाचा ना."

"काय?"

"हे. वाचा. तुमच्यासाठीच आहे."

"मी गिऱ्हाइकाचं वाचत नाही, ठाऊक आहे ना तुला."

कोपऱ्यातून काकू म्हणाल्या, "नाटकातून कळलं नसेल तिला."

मग मला बोलावं लागलं. पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. फोल्डर, लिंक, कमेंट, असं काहीतरी अडखळत सांगितलं. वर जिन्यात कुणीतरी चढत होतं. धपधप थांबली तेव्हा माझंही संपलं होतं.

काकांनी चष्मा डबीत ठेवला.

"त्या पोरीला त्रास होतोय अजून?"

"नाही. नंबर बदलला तिनं."

"बरं झालं." मग म्हणाले, "नाटक बघायला सगळं कॉलेज होतं. हे सांगायला तू एकटीच आलीस."

"मी कॉलेजच्या फलकावर लावणार आहे हे. सगळ्यांना सांगणार आहे."

"सांग." मग अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं, "परवा हेडक्लार्क यायचे होते. मशीन पुसून ठेवलं होतं. शटर अर्धं ओढून बसलो दुपारपर्यंत."

"आले नाहीत?"

"निरोप आला. या खेपेला दुसरीकडे दिलंय म्हणे. उगाच चर्चा नको."

काकू तार कापत होत्या. त्यांची कात्री थांबली. "पंधरा वर्षं," त्या म्हणाल्या. "मला कधी सांगितलं नाही त्यांनी पेपरात काय होतं. मला! सख्ख्या बायकोला. माझा भाचा या कॉलेजात नापास झाला, तरी सांगितलं नाही."

"तो कसाही झाला असता," काका म्हणाले. दोघंही हसली नाहीत.

माझा कागद फलकावर लागला नाही. शिपाई म्हणाला, शिक्का आण. शिक्का देणारे म्हणाले, मिटलेलं प्रकरण कशाला उकरता. मी हेडक्लार्कांकडे गेले. त्यांनी पूर्ण वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "मला त्यांच्यावर कधीच संशय नव्हता हो. पण उद्या काही झालं, तर तो व्हिडिओ माझ्याच तोंडावर मारतील ना?" मंडळानं आमच्या पानावरून व्हिडिओ काढून टाकला. माफीचा वेगळा व्हिडिओ करायला कुणी तयार नव्हतं. "नाव कुठे घेतलं होतं?" माझंच वाक्य, दिग्दर्शकाच्या तोंडून. मग मी एकटीनंच केला. तीनशे चाळीस जणांनी पाहिला. त्यातही एकानं खाली लिहिलं, "पहिला जास्त भारी होता." आणि पहिला मी कधी नावही न ऐकलेल्या पानांवर तसाच फिरत होता.

परीक्षा संपली, त्या दुपारी काकूंचा निरोप आला. ये म्हणाल्या. दुकानात मशीनं नव्हती, नुसत्या मशीनच्या पायांच्या खुणा फरशीवर. जुना कॉम्प्युटर तेवढा टेबलावर होता.

"उद्या तो घेणारा येणार आहे," काका म्हणाले. "दुकान सोडतोय. हात चालतात अजून. पण पोरं फाइल पाठवायच्या आधी माझ्याकडे बघतात. तसं बघितलेलं सोसत नाही." मग खुर्ची माझ्याकडे सरकवली. "एक विचारायचंय. तुझ्या शिक्षणातलं."

"विचारा ना."

"नाटकात शेवटी ओरडलात तुम्ही. डिलीट केलं तरी आत राहतं. ते नाटकापुरतं, की खरं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं.

"खरं आहे काका. पुसलं की फक्त नाव जातं. मजकूर आत राहतो. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. शोधणाऱ्याला सापडू शकतो."

"टोपली रिकामी केली तरी?"

"तरी."

त्यांनी पडद्याकडे बघितलं. "म्हणजे पंधरा वर्षं मी पोरांना खोटंच सांगत आलो. डोळ्यांदेखत पुसलं म्हणून."

"नाही हो काका. तुम्हाला माहीत नव्हतं."

"खोटं ते खोटंच. बादलीतला कागद जायचा गं. लगदा व्हायचा. मला वाटायचं, इथंही तसंच होत असेल." काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "खरंच पुसता येतं का? काही शिकवलंय का तसं?"

शिकवलं होतं. प्रत्येक जागेवर शून्य लिहीत जाणारा एक प्रोग्राम माझ्या पेनड्राइव्हवर होता. मी तो जोडला, सगळं मांडलं आणि बटणापाशी थांबले. माउस त्यांच्याकडे सरकवला.

"काका, तुमच्या हातानं पुसा."

त्यांनी दाबलं. चार तास लागणार होते. आम्ही तिघं जिन्याखाली बसून राहिलो. एक टक्का. दोन. काकूंनी चहा आणला. मधूनच काका आठवून सांगायचे, कुणा पोराचं चुरगळलेलं पान, कुणाचे नोकरीसाठी अर्जावर अर्ज. नावं अर्थात एकही नाही. "समास सोडा"ला नोकरी लागली होती, तो पेढा न देताच पळाला होता.

साठ टक्क्यांच्या सुमारास त्यांनी विचारलं, "आणि ते तुझं? ते जाईल का असं?"

मला कळलं ते कशाबद्दल विचारतायत.

"ते नाही जाणार काका. ते एका जागी नाहीये."

"हं," ते म्हणाले आणि परत टक्के बघायला लागले.

ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं. शेवटी पडदा काळा झाला आणि मधोमध एक ओळ उमटली. "झालं?" काका पुढे वाकले. "काय लिहिलंय?" वाचायला चष्मा हवा होता. त्यांचा हात सवयीनं छातीवर गेला, दोरी चाचपत राहिला. दोरी नव्हती. डबीतला चष्मा काढून मी त्यांच्या हातात दिला.